कोब्रापाय : गाळातल्या जिवाणूंचा हिशेब मांडायला किती कामाचं?

माझं मूळ काम गाळातल्या जिवाणूंचं. ऑक्सिजन काढून घेतलेल्या बाटल्या, सडक्या अंड्यांचा वास, महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणारी संवर्धनं. मॉडेलिंगकडे वळले तेव्हा हाती आलं ते कोब्रापाय. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली ही मुक्त लायब्ररी (तयार कोडचा संच) 2013 साली आली, आणि चयापचयाचं गणित मांडायला मी अजूनही हीच उघडते.

गणित वाण्याच्या खतावणीसारखं: आत काय आलं, बाहेर काय गेलं, मधे काही साठता कामा नये. सोबत ई. कोलाय या जिवाणूचं 95 अभिक्रियांचं छोटं मॉडेल येतं. सुरुवात त्याच्यावरच करा. ग्लुकोज तासाला ग्रॅममागे (कोरड्या वजनाच्या) 10 मिलिमोल दिलं की वाढीचा वेग येतो तासाला 0.87. मग ऑक्सिजनची मर्यादा शून्यावर आणा. वेग घसरून 0.21 होतो आणि फॉर्मेट, ॲसिटेट, इथेनॉल बाहेर पडू लागतात. बाटलीचं बूच काढून हुंगल्यावर जे कळायचं, ते कुणी न शिकवता आकड्यांत उतरलेलं बघून मी खूश झाले. एक सूचना: इथे आत घेणं म्हणजे उणे चिन्ह. नवख्यांचा गोंधळ हमखास तिथेच होतो.

पायथनच्या 'विथ' ब्लॉकमध्ये (कोडच्या तात्पुरत्या तुकड्यात) केलेले बदल ब्लॉक संपला की आपोआप पूर्ववत होतात. जनुकं एकेक करून बंद करून बघायची तर ही सोय सोन्यासारखी. एका जिवाणूपुरता फुकटचा जीएलपीके सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) पुरतो.

आता खरी गोची. त्याच मॉडेलला ग्लुकोज 10 ऐवजी 0.1 द्या. उत्तर येतं 'इन्फीजिबल', म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही. कारण नुसतं जिवंत राहण्यासाठी तासाला ग्रॅममागे 8.39 मिलिमोल एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) जाळलंच पाहिजे, अशी अट आत लिहिलेली आहे. तो आकडा फ्लास्कमधल्या खात्यापित्या ई. कोलायचा. माझे गाळातले जिवाणू अर्धपोटी वर्षानुवर्षं तग धरतात. शिवाय मॉडेल आपणहून जास्तीत जास्त वाढ शोधतं आणि गाळात वाढायचं फारसं कुणाच्या मनातच नसतं! दोन्ही गोष्टी बदलता येतात, पण बदलायच्या हे सांगायला लायब्ररी येत नाही; त्याला बाटल्या धुतलेला माणूसच लागतो. म्हणून निव्वळ प्रोग्रामिंग येणाऱ्याच्या हाती हे एकटं देऊ नये, असं माझं ठाम मत.

आणखी एक: वाढीचा वेग तोच ठेवून आतल्या अभिक्रियांचे प्रवाह अनेक वाटांनी जाऊ शकतात. फ्लक्स व्हेरिएबिलिटी ॲनालिसिस (प्रत्येक प्रवाह किती ते किती असू शकतो, हे बघणं) केल्याशिवाय बाणांच्या रंगीत आकृत्या छापू नका.

काळ आणि जागा कोब्रापायमध्ये नाहीच. बायोफिल्मच्या (पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या जिवाणूंच्या) थरात ऑक्सिजन कुठवर पोचतो, वसाहत कशी पसरते, हे बघायचं तर कॉमेट्स हे सॉफ्टवेअर घ्या. त्यातही कोब्रापायमधली मॉडेलं चालतात, त्यामुळे आधीची मेहनत वाया जात नाही.