अर्पणाच्या पैशातून ऊसतोडीच्या मुलांचे जेवण: एका मंडळीच्या सेवेचे परीक्षण

जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका तालुक्याच्या गावी एक लहान ख्रिस्ती मंडळी आहे. पन्नासेक कुटुंबांच्या या मंडळीत बहुतेकांचे पोट शेतमजुरीवर चालते, काहीजण शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीला आहेत. ही मंडळी गेले तीन हंगाम, दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, ऊसतोडीला गेलेल्या मजुरांच्या, गावी आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांचा संध्याकाळी दीड तास अभ्यास घेते आणि नंतर त्यांना जेवू घालते. मुलांकडून पैसा घेतला जात नाही. सगळा खर्च रविवारच्या अर्पणातून आणि सभासदांच्या दशमांशातून, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागातून, होतो. मी निवृत्त शिक्षिका असून दुसऱ्या मंडळीची सभासद आहे. या हंगामात मी आठवड्यातून दोन दिवस तेथे अभ्यास घेतला आणि माझ्या दशमांशाचा काही भागही तेथे दिला. त्यामुळे ही सेवा कशी चालते, तिला पैसे द्यावेत का आणि मुळात मंडळीच्या थैलीत पडलेला पैसा अशा कामाला लावावा का, हे देणाऱ्यांच्या उपयोगासाठी सविस्तर लिहीत आहे.

आधी जेवणाबद्दल लिहिते, कारण मुले त्यासाठीच येतात. चर्चच्या मागे पत्र्याची एक लांब खोली आहे. तेथे मंडळीतील दोन बाया पाळीपाळीने स्वयंपाक करतात. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, वरण, एखादी पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी हा नेहमीचा बेत असतो. बुधवारी अंडी आणि शनिवारी खिचडी असते. भाकरी गरम असते, वरण पातळ नसते आणि मागेल त्याला पुन्हा वाढले जाते. सरकारी शाळेत दुपारचे जेवण मिळत असले, तरी ज्या घरात आजीला दिसत नाही किंवा आजोबांना चूल पेटवता येत नाही, त्या घरातील मुलांची रात्र अनेकदा कोरड्या भाकरीवर जाते. कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघून गेलेल्या गावात संध्याकाळी फिरलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

नोव्हेंबरमध्ये माझ्या वर्गात नऊएक वर्षांची एक मुलगी होती. ती रोज अर्धी भाकरी खाऊन उरलेली अर्धी फ्रॉकच्या घोळात लपवत असे. तिसऱ्या दिवशी वाढणाऱ्या मावशींनी ते पाहिले. त्या तिला सर्वांसमोर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून जेवण झाल्यावर त्या तिच्या हातात झाकणाचा एक डबा देऊ लागल्या आणि ‘हा आजीला दे, सकाळी घासून आण’ एवढेच सांगू लागल्या. डिसेंबर संपेपर्यंत असे सात डबे जाऊ लागले होते. योजना मुलांसाठी होती, म्हाताऱ्यांसाठी नव्हती, पण या सात डब्यांना कमिटीने हरकत घेतली नाही. या सेवेत मला सर्वांत अधिक भावलेली गोष्ट हीच.

हरकत आली ती वेगळ्याच बाजूने. नाताळाच्या सुट्टीत शेजारच्या मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, भेटायला आले होते आणि मी तेथेच बसले होते. त्यांचे म्हणणे असे होते की, रविवारी देवापुढे ठेवलेला पैसा उपासनेसाठी, सुवार्तेसाठी आणि मंडळीतील गरजूंसाठी असतो. बाहेरच्या लेकरांना जेवू घालायचे असेल तर प्रत्येकाने ते स्वतःच्या खिशातून करावे, मंडळीच्या पेटीतून नको. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. अमेरिकेतील चर्चेस ऑफ ख्राईस्ट या पंथात विसाव्या शतकाच्या मध्यास याच प्रश्नावर, विशेषतः अनाथालयांना मंडळीच्या निधीतून पैसे द्यावेत का यावर, मोठा वाद झाला आणि मंडळ्या एकमेकींपासून दुरावल्या. निधी फक्त विश्वासणाऱ्यांसाठी असावा असे मानणाऱ्यांचा आधार शास्त्रातलाच होता. करिंथ येथील मंडळीला प्रेषित पौलाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी वर्गणी बाजूला काढून ठेवायला सांगितले, ती यरुशलेममधील पवित्र जनांसाठी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांसाठी, होती. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ज्या विधवांच्या रोजच्या वाटणीची तक्रार आली, त्याही मंडळीतल्याच होत्या. याकोबाने आपल्या पत्रात अनाथांचा आणि विधवांचा समाचार घ्यायला सांगितले, पण ते एकेका माणसाला उद्देशून आहे, असेही ते म्हणतात.

मी हे सगळे पुन्हा काढून वाचले आणि माझे मत त्या गृहस्थांपेक्षा वेगळे झाले. गलतीकरांस लिहिताना पौल सर्वांचे बरे करायला सांगतो आणि विश्वासाच्या घराण्यातील लोकांचे विशेषेकरून बरे करायला सांगतो; ‘विशेषेकरून’ म्हटल्याने ‘सर्व’ खोडले जात नाहीत, आणि ते पत्र एकट्या माणसाला नव्हे तर गलतीयातील मंडळ्यांना लिहिलेले आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात तर वर्गणीचा उल्लेख करताना ती ‘त्यांच्यासाठी व सर्वांसाठी’ असल्याचे म्हटले आहे. शास्त्रानंतरच्या काळात पाहिले तरी सुमारे इ. स. १५५ मध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोममध्ये लिहून ठेवले आहे की, रविवारी जमलेला पैसा मंडळीच्या प्रमुखाजवळ ठेवला जाई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगावहून आलेले पाहुणे यांची सोय होई. इ. स. ३६२ च्या सुमारास ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेला रोमन सम्राट ज्यूलियन आपल्या पुजाऱ्याला लिहितो की, हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात आणि आपण मात्र मागे राहतो. विरोधकाने तक्रारीच्या सुरात लिहिलेला हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या भागापुरते बोलायचे तर प्रश्न आणखी जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, पुढे जालन्यात मिशनचा दवाखाना उभा राहिला, शाळा निघाल्या. त्यामागे स्कॉटलंडमधील चर्चचे पाठबळ होते, म्हणजे तिकडच्या साध्या लोकांनी रविवारी ठेवलेली नाणीही त्यात होती. त्यांना आमचा हा भाग कोठे आहे हे ठाऊक नव्हते. त्या दवाखान्यात बाळंत झालेल्या बायका सर्व जातिधर्मांच्या होत्या, हे माझ्या आजीने मला अनेकदा सांगितले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा आमच्याही मंडळीने पुढच्या रविवारी वेगळे अर्पण गोळा केले होते आणि ते कोणत्या धर्माच्या घरात जाईल असे थैली फिरवताना कोणी विचारले नव्हते. शंभर वर्षे ज्यांनी दुसऱ्यांच्या अर्पणातून शाळा आणि औषध घेतले, त्यांनी आता स्वतःच्या अर्पणातून शेजाऱ्याच्या लेकराला भाकरी देऊ नये, हे मला पटत नाही.

या मंडळीचा पैसा कसा जमतो तेही मी पाहिले. ऑक्टोबरमधील हंगामाच्या सणाला लोकांनी वेदीसमोर ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, कोंबड्या आणि हाताने विणलेला एक टोप ठेवला होता. उपासनेनंतर अंगणात लिलाव झाला. एक मोठा लाल भोपळा एकाने घेतला आणि लगेच परत अर्पण केला, दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत केला, आणि तिसऱ्याने घेऊन तो थेट जेवणघरात नेऊन दिला. हंगामाचा पहिला मोठा खर्च, म्हणजे ज्वारीची पोती आणि दोन सिलिंडर, त्या लिलावातून भागला. परदेशातून ही मंडळी पैसे घेत नाही. त्यासाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली लागणारी नोंदणी तिच्याजवळ नाही आणि घाईने ती घेण्याचा विचारही नाही. हे मला योग्य वाटते.

आता उणिवा सांगते. पहिली उणीव हिशोबाची आहे. मी खजिनदारांना विचारले की जेवणाचा खर्च वेगळा दिसतो का, तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, ‘बाई, पेटी एकच आहे, हिशोब आमच्या डोक्यात वेगळा आहे.’ त्यांच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. भाजीच्या पावत्यासुद्धा त्यांनी दाभणात ओवून ठेवल्या आहेत. परंतु डोक्यातला हिशोब दुसऱ्याला वाचता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या विश्वस्त संस्थेला दरवर्षी हिशोब तपासून घ्यावे लागतात. त्याच कायद्यात गरिबी व संकटनिवारण, शिक्षण आणि वैद्यकीय मदत ही धर्मादाय प्रयोजने मानली आहेत आणि निव्वळ धार्मिक शिक्षण किंवा उपासना त्यांतून वगळली आहे. त्यामुळे मंडळीच्या घटनेत असे काम उद्देश म्हणून लिहिलेले आहे का, हे आधी पाहून घ्यायला हवे आणि त्यासाठी स्वतंत्र खातेपान ठेवायला हवे. पौलानेही वर्गणी पोचवायला एकट्याने न जाता मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली होती, आणि इतक्या मोठ्या देणगीबद्दल कोणी दोष लावू नये म्हणून आपण हे करतो, असे स्पष्ट लिहिले होते.

दुसरी उणीव मला अधिक बोचली. याच मंडळीत सत्तरी ओलांडलेली एक विधवा आहे. ती उपासनेत शेवटच्या रांगेत बसते आणि थैली आली की पदराच्या गाठीतून दहा रुपयांची नोट काढून टाकते. तिच्याकडे पाहताना शुभवर्तमानातील, मंदिराच्या पेटीत दोन टोल्या (अगदी लहान नाणी) टाकणाऱ्या त्या गरीब विधवेची आठवण न होणे शक्य नव्हते. जानेवारीत सहज बोलता बोलता मला कळले की ती रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेते, कारण रोज घेतली तर पाकीट महिना पुरत नाही. ती मागत नाही आणि कमिटीतील कोणाला हे ठाऊक नव्हते. मी सांगितल्यावर सर्वांना मनापासून वाईट वाटले, पण कमिटीची सभा, मग ठराव, मग सही, असे करत औषध सुरू व्हायला सहा आठवडे गेले. बाहेरच्या मुलांना जेवण दिल्यामुळे तिचे औषध राहिले असे मी म्हणणार नाही, पैसा दोन्हींना पुरेल इतका होता. राहिले ते कोणी तिच्या घरी जाऊन विचारले नाही म्हणून. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात साठ वर्षांवरील विधवांची यादी ठेवायला सांगितले आहे; या मंडळीजवळ मुलांची हजेरी रोजची आहे, पण अशी यादी नाही. नाताळात आलेल्या त्या गृहस्थांच्या बोलण्यात जेवढे खरे होते, ते या एका घरात होते.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. फेब्रुवारीत दोन संध्याकाळी सिलिंडर संपल्याने मुलांना बिस्किटांचे पुडे देऊन घरी पाठवावे लागले. एक सिलिंडर राखीव ठेवला असता तर हे टळले असते. मार्चमध्ये टँकर उशिरा आला की भांडी रात्री घासली जात. अभ्यासाची जागा अंधारी आहे.

धर्माच्या बाबतीत पालकांना वाटणारी काळजी मी स्वतः ऐकली. एका आजोबांनी पाळकसाहेबांना थेट विचारले, ‘साहेब, आमच्या पोराला तुमच्यात घेणार का?’ त्यावर पाळकसाहेबांनी त्यांना खोलीत नेऊन बसवले आणि सांगितले की, जेवणाआधी आम्ही आमची लहानशी प्रार्थना करतो, मुलांनी ती म्हणायची नाही, आणि आईवडील गावी नसताना मुलांना उपासनेला बोलवायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. मी गेले त्या प्रत्येक संध्याकाळी हे पाळले गेले. हा नियम कागदावर लिहून खोलीच्या दाराशी लावावा, म्हणजे पाळक बदलले तरी तो बदलणार नाही, असे मी सुचवले आहे.

माझे मत विचाराल तर या सेवेला जरूर द्यावे. मी पुढच्या हंगामातही देणार आहे. पैसे देताना ते कशासाठी आहेत हे पाकिटावर लिहावे आणि पावती मागून घ्यावी. मागितली की मिळते. धान्य द्यायचे असेल तर ज्वारी द्यावी, गहू नको, कारण चपात्या लाटायला बायांना वेळ पुरत नाही. झाकणाचे डबे कमी पडतात, घरातील जास्तीचे असतील तर ते आधी द्यावेत. कमिटीने गुढीपाडव्यानंतरच्या सभेत जेवणघराचे खातेपान वेगळे काढण्याचा आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी जाऊन विचारपूस करण्यासाठी दोन भगिनी नेमण्याचा ठराव घेतला आहे. त्या दोघींपैकी एक डबे भरणाऱ्या मावशीच आहेत, आणि त्यांच्या यादीत पहिले घर शेवटच्या रांगेतल्या त्या आजींचे आहे.