एम.फार्म. प्रवेशप्रक्रिया : वर्षभरानंतर लिहिलेला अनुभव

महाराष्ट्रातील एम.फार्म. (औषधनिर्माणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी) प्रवेशप्रक्रियेतून मी 2024 साली गेले. आता दोन सत्रे संपवून तिसऱ्या सत्राच्या संशोधनाला लागले आहे. प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात हे लिहिले असते, तर त्यात धावपळीचा त्रागाच जास्त उतरला असता. वर्षभर त्या निर्णयासोबत राहिल्यावर कोणत्या गोष्टीसाठी मी उगाच झोप घालवली आणि कोणती गोष्ट जवळजवळ योगायोगाने बरोबर केली, हे आता कळते.

जीपॅट या एम.फार्म. प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या वर्षी ही परीक्षा घेण्याचे काम एनटीए या केंद्रीय संस्थेकडून एनबीईएमएस या दुसऱ्या केंद्रीय संस्थेकडे गेले आणि परीक्षा 8 जून 2024 रोजी झाली. 125 प्रश्न, तीन तास, एकूण 500 गुण. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. जीपॅट न देताही एम.फार्म.ला अर्ज करता येतो, मात्र गुणवत्ता यादीत जीपॅटधारकांचा क्रम आधी लागतो आणि बी.फार्म.च्या गुणांवर येणाऱ्यांना उरलेल्या जागांवर समाधान मानावे लागते. माझे गुण मध्यम होते. नामांकित संस्था मिळण्याइतके नव्हते, पण निवड करायला वाव राहील इतके होते, आणि पुढे लिहिले आहे ते मुख्यतः अशा मधल्या विद्यार्थ्यांसाठीच आहे.

खरी दमछाक कागदपत्रांनी केली. मी भटक्या जमाती प्रवर्गातील आहे. राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांत हा प्रवर्ग स्वतंत्र धरला जातो, केंद्राच्या यादीत मात्र आमची जात इतर मागासवर्गात येते. त्यामुळे जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र एकदा राज्याच्या आणि एकदा केंद्राच्या नमुन्यात, असे दोन संच तयार ठेवावे लागले. जात वैधता प्रमाणपत्र बारावीनंतरच काढलेले होते, ही वडिलांची दूरदृष्टी. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मात्र 31 मार्च 2024 रोजी संपली होती आणि ते माझ्या लक्षात आले जूनमध्ये, परीक्षा झाल्यावर. त्यानंतर सेतू केंद्रात चार फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी ‘ताई, साहेब मीटिंगला आहेत, सोमवारी या’ हेच उत्तर मिळाले. चूक अर्थात माझीच होती; हे काम फेब्रुवारीत काढायला हवे होते. दुसरी अडचण टक्केवारीची. आमच्या बी.फार्म.च्या गुणपत्रिकेवर सीजीपीए (सर्व सत्रांच्या श्रेणीगुणांची सरासरी) छापलेला असतो, तर पात्रतेची अट टक्क्यांत असते, म्हणजे खुल्या वर्गासाठी 55 आणि राज्यातील मागासवर्गीयांसाठी 50. विद्यापीठाकडून रूपांतराचे पत्र शेवटच्या सत्राच्या निकालासोबतच मागून घ्यावे, नंतर ते मागणाऱ्यांची गर्दी होते.

आता महाविद्यालय आणि शाखा यांचा पसंतीक्रम भरण्याच्या ऑप्शन फॉर्मकडे वळते, कारण माझ्या मते सगळी प्रक्रिया त्या एका पानावर ठरते. आमच्या वर्गात महिनाभर एकच वाद चालू होता : क्वालिटी ॲश्युरन्स (गुणवत्ता हमी) ही शाखा घ्यावी की फार्मास्युटिकल ॲनालिसिस (औषध विश्लेषण), आणि नोकरी कशात लवकर मिळते. मीही त्या वादात हिरिरीने बोलत असे. नंतर एका दुपारी पीसीआयने, म्हणजे भारतीय फार्मसी परिषदेने, ठरवून दिलेला अभ्यासक्रम शांतपणे वाचला. आधुनिक विश्लेषणतंत्रांचा पहिल्या सत्रातला विषय दोन्हीकडे तोच. व्हॅलिडेशन (पद्धती आणि यंत्रे अपेक्षेप्रमाणे काम करतात हे सिद्ध करणे) हा विषय ॲनालिसिसला पहिल्या सत्रात आहे आणि क्वालिटी ॲश्युरन्सला दुसऱ्या. क्वालिटी कंट्रोलचा विषय नेमका याच्या उलट. शाखांच्या पाट्या वेगळ्या असल्या, तरी या दोन घरांची भिंत बरीच पातळ आहे. एका शाखेत जास्तीत जास्त 15 जागा असतात, म्हणजे शिक्षक आणि यंत्रे यांच्याशी रोजचा थेट संबंध येतो. शाखा कोणतीही घेतली, तरी ही यंत्रे चालू आहेत की नाहीत यावर पुढचे सगळे अवलंबून राहते.

म्हणून पर्याय भरण्याआधी वडिलांना सोबत घेऊन मी दोन महाविद्यालये पाहून आले. दोन्हींची नावे देत नाही. पहिल्या ठिकाणी प्रवेशद्वार, सभागृह, वातानुकूलित ग्रंथालय असे सगळे दाखवण्यात आले. उपकरणकक्षात एचपीएलसीवर, म्हणजे औषधातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, निळे कापडी आच्छादन होते, इस्त्रीची घडीसुद्धा न मोडलेले. शेजारी लॉगबुक (यंत्राच्या वापराची नोंदवही) ठेवलेले दिसले, तेव्हा मी ‘सर, पाहू का?’ असे विचारले आणि होकाराची वाट न पाहता उघडले. शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची होती आणि तीही दुरुस्तीला आलेल्या अभियंत्याची. दुसऱ्या महाविद्यालयाची इमारत जुनी, जिन्याचा रंग उडालेला. पण उपकरणकक्षाबाहेर पेन्सिलने भरलेले वेळापत्रक चिकटवले होते आणि त्यात रविवारची वेळही घेतलेली होती. आत सोनिकेटरची (ध्वनिलहरींनी द्रावण ढवळणाऱ्या यंत्राची) किणकिण चालू होती, एक मुलगी मोबाइल फेज (एचपीएलसीतून वाहणारे द्रावण) गाळत बसली होती, आणि कॉलमच्या (घटक वेगळे करणाऱ्या नळीच्या) खोक्यांवर कोणाचे संयुग, कोणती तारीख, हे मार्करने लिहिलेले होते. तिने मान वर न करता मला सांगितले, ‘इथे कॉलम खराब केलास तर सर आठवडाभर बोलत नाहीत, पण यंत्र मिळतं.’ परत येताना एसटीत बसल्या-बसल्याच मी पसंतीक्रम बदलला.

पहिल्या फेरीत मला तिसऱ्या पसंतीची जागा मिळाली. ती गोठवण्याचा, म्हणजे तीच पक्की करून पुढच्या फेऱ्या सोडण्याचा, मोह मोठा होता आणि घरूनही तसाच आग्रह होता. हजार रुपये भरून जागा स्वीकारली, परंतु न गोठवता पुढच्या फेरीत उतरले आणि दुसऱ्या फेरीत ते जुन्या इमारतीचे महाविद्यालय मिळाले. शुल्काबाबत एवढेच सांगते, की शुल्क नियामक प्राधिकरणाने प्रत्येक संस्थेसाठी मंजूर केलेला आकडा आधी पाहून ठेवावा, म्हणजे प्रवेशाच्या खिडकीवर ऐनवेळी धक्का बसत नाही.

शिष्यवृत्तीबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती निम्मी स्वतःविरुद्ध आहे. जीपॅट उत्तीर्ण झालेल्यांना एआयसीटीईकडून (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून) दरमहा 12,400 रुपये 24 महिने मिळू शकतात. त्यासाठी संस्थेची मान्यता, माझ्यासारख्या इतर मागासवर्गीयांना ताजे केंद्रीय नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते, हे सगळे जुळावे लागते. माझे खाते शाळेत असताना उघडलेले, रकमेवर मर्यादा असलेले होते. ते चालले नाही, नवे उघडावे लागले आणि पहिले पैसे हाती येईपर्यंत खानावळीचे बिल मैत्रिणीने भागवले. ‘शिष्यवृत्ती मिळते का’ असे प्राचार्यांना विचारू नये, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘गेल्या महिन्याची कधी आली’ असे विचारावे.

प्रक्रियेत नायपरचा, म्हणजे केंद्राच्या औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थांचा, पर्याय मी सोडला. देशातील सातही नायपरसाठी जीपॅटनंतर वेगळी संयुक्त प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि माझे त्या महिन्यांतले सगळे बळ सेतू केंद्रात खर्च झाले होते. याची रुखरुख अजून आहे.

मागच्या आठवड्यात लातूरहून एक मुलगी आईसोबत आमचे महाविद्यालय पाहायला आली होती. तिला उपकरणकक्षात नेले आणि लॉगबुक तिच्या हातात दिले. तिने पहिले पान उघडले, तेव्हा मी ते मिटून शेवटून उघडायला सांगितले. शेवटची नोंद आदल्या रात्री पावणेनऊची होती, माझ्याच अक्षरात.