जस्ती बंब, चार महिन्यांनंतर: वस्तू चांगली, पण आमच्या खाऱ्या पाण्यापुढं टिकली नाही

कोजागिरीच्या दोन दिवस आधी आंघोळीचं पाणी तापवायचा बंब घेतला, आता संक्रांतीची हळदीकुंकवं पण आटोपली, म्हणजे चारेक महिने रोज पेटवून झाला. घ्यायच्या आधी मी बरंच वाचलं होतं पण सगळे लोक घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहितात, मस्त आहे, पाणी लवकर तापते वगैरे. दुसऱ्या दिवशी तर सगळंच मस्त असते. म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय.

आधी आमचं सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. दर्यापूर तालुक्यातलं गाव, पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरचं पाणी इतकं खारट की साबणाला फेस येत नाही. शहानूर धरणाचं गोडं पाणी नळाला येते पण ते पिण्या-रांधण्यापुरतं, आणि रोज येत नाही. घरात सहा माणसं, त्यात दोन पोट्टे शाळेचे.

मागच्या हिवाळ्यात रॉड होता, १५०० वॅटचा. थंडीत एका बकेटीला अर्धा तास धरा, सहा बकेटा म्हणजे तीन तास, म्हणजे रोजचे साडेचार युनिट, ते पण लाइन असली तर. मामाजी, म्हणजे सासरे, साडेपाचला आंघोळ करून मोकळे आणि माझा नंबर लागेपर्यंत नऊ. रॉडवर खाराचा पांढरा थर असा चढायचा की खरवडून काढावा लागे, एका हिवाळ्यात दोन रॉड गेले. वरून धाकटा एक दिवस चालू रॉडच्या बकेटीत मग्गा घालायला निघाला, आत्याबाईनं, म्हणजे सासूबाईंनी, मागून शर्ट धरून ओढला म्हणून वाचला, त्या दिवशीच ठरलं की हे बंद. गॅस गिझर नको म्हटलं कारण आमच्या न्हाणीला खिडकीच नाही, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचला तर त्याचा वास पण येत नाही, माणूस बसल्या जागी जातो. सोलरचं गल्लीतल्या एका घरी पाहिलं, त्याच्या नळ्यात पण खारच.

मग बंब. आजेसासूबाईंचा तांब्याचा होता म्हणे घरात, तो नणंदेच्या लग्नात मोडीत दिला, आत्याबाई अजून हळहळतात. मी तांब्याचा विचारला तर ८,००० च्या वर, जस्ती पत्र्याचा २,८०० ला. दुकानदार म्हणाला ताई दहा वर्षं पाहायचं काम नाही. घेतला जस्ती.

चालतो कसा ते सांगते, कारण माहेरी बंब नव्हता आणि मला स्वतःला कळायला दोन दिवस लागले. मधात नळकांडं असते, त्यात जाळ, आजूबाजूनं पाणी, खाली जाळी आणि राखेचा कप्पा. वर तिफणीच्या चाड्यासारखं नरसाळं आहे, त्यातून थंड पाणी ओतलं की ते नळीनं थेट तळाशी जाते आणि तापलेलं वरच्या तोटीतून बाहेर ढकलल्या जाते. एक बकेट टाका, एक बकेट घ्या. त्यामुळं पेटलेला बंब कधी रिकामा राहत नाही, आणि राहायलाच नको, पाणी नसताना पेटवला तर सांध्यांचा डाख वितळतो. पहिलं पाणी वीस-पंचवीस मिनिटांत निघते, त्यानंतर दर बकेटीला थोडा जाळ सारत राहायचा, सहाही जणं साडेसातच्या आत मोकळी. नागपूरचा पारा २०१८ च्या डिसेंबरात ३.५ अंशावर गेला होता तशी थंडी काही दरवर्षी पडत नाही, पण आमचं गाव उघड्या काळ्या रानात, पहाटे धुई पडली की अंगणातल्या दोरीवरचे कपडे पिळायला येतात, अशा वेळी तोटीखाली बकेट लावून नुसतं वाफेत तोंड धरून उभं राहायलाही बरं वाटते. पोट्टे आधी उठवून उठत नव्हते, आता बंबापाशी पोतं टाकून बसायला भांडतात.

जळणाचं मात्र कोणी नीट सांगत नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, फुकटची आहे हे खरं, पण ती उपटून घरी येते वेचणी संपल्यावर, आणि थंडी लागते दिवाळीपासून. पहिला महिना मी गोवऱ्या आणि ओलसर बाभळीवर काढला, धुरानं डोळे लाल आणि शेजारच्या काकू रोज भिंतीवरून खोकून दाखवायच्या. वाळली पऱ्हाटी भुर्रकन पेटते आणि तशीच भुर्रकन संपते, बाजूला बसून सारखी सारावी लागते. तुराटी त्याहून जरा बरी. आता मी मधात बाभळीचं एक वाळलं खोड उभं ठेवते आणि आजूबाजूनं पऱ्हाटी, मग निखारा टिकते. पऱ्हाटी रचताना कवडीची, न फुटलेली बोंडं तोडून आधी जाळायची. कृषी खात्यावाले दरवर्षी सांगतात की पऱ्हाटीचे ढीग घराजवळ ठेवू नका, राहिलेल्या बोंडात शेंदरी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर येते. २०१७ साली या अळीनं विदर्भातल्या कपाशीचं काय केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. एका बंबानं काही चार एकराची पऱ्हाटी जळत नाही, जेवढी लागते तेवढीच घरी आणतो, बाकी वावरातच कुट्टी.

आता तक्रार. डिसेंबर संपता संपता तळाच्या सांध्यातून थेंब थेंब गळायला लागला. नरसाळ्यात टॉर्च मारून पाहिलं तर आत पांढरा कडक थर. दुकानात नेला तर म्हणे खाऱ्या पाण्याची गॅरंटी नसते. दहा वर्षं म्हणताना हे नव्हतं सांगितलं! मी आपली अक्कल लावून चिंचेचं पाणी रात्रभर भरून ठेवलं, थर निघाला, भारी वाटलं. मग बाजाराच्या दिवशी डाख लावणाऱ्या बुवाकडं गेले तर तो आत बोट फिरवून म्हणाला, "माय, चिच टाकली का याच्यात? चिच तांब्याले चालते वं, जस्ती पत्र्याले नाही. खारासंगं जस्त बी खाते थे." म्हणजे निम्मं नुकसान पाण्यानं केलं आणि निम्मं मी. १५० रुपयात डाख लावून दिला, सध्या गळत नाही. आता शेवटची आंघोळ होऊन निखारे विझले की खालचं बूच काढून सगळं पाणी सोडते आणि नळ आला त्या दिवशी गोड्या पाण्यानं आतून विसळते.

राखेचं पण सांगते. वाटलं होतं सांदवाडीतल्या भाजीला फुकटचं खत होईल. वालाच्या वेलावर माव्यासाठी चाळून सकाळच्या दवात धुरळली, तिथं बरा फरक पडला. पण मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात टाकली तर मेथी पिवळी पडली. नंतर डोक्यात आलं, आमची माती आधीच विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट, राख पण तशीच, वरून न्हाणीचं खारट साबणाचं पाणी मी त्याच वाफ्यात सोडत होते. ते पाणी आता शेवग्याकडं वळवलं आणि राख भांड्यांना.

एक फायदा मात्र कोणत्याच रॉडमध्ये नाही. आंघोळी झाल्यावर खालच्या निखाऱ्यात दोन मोठी हिरवी वांगी सारून द्यायची, तेलाचं बोट फिरवून. साल तडतडून काळी होते, देठापाशी पाणी सुटून फसफसते, तोवर भाकरी थापून होतात. वर लसणाची पात, सांबार, कांद्याची पात. मामाजी आंघोळीपेक्षा त्याचीच वाट पाहतात.

तर गोड्या पाण्याचं गाव असेल, जळण घरचं असेल आणि न्हाणीच्या बाहेर मोकळी जागा असेल तर जस्ती बिनधास्त घ्या. पाणी खारं असेल तर घेऊ नका, पैसे साठवून तांब्याचाच पाहा. मी पाचपैकी तीन देते, त्यातला अर्धा वांग्याचा.

आता दुपारी ऊन चटका द्यायला लागलं, बंब फक्त आत्याबाईंच्या गुडघ्यांसाठी पेटते. शिमग्यानंतर पूर्ण रिकामा करून, उन्हात वाळवून कोठ्यात उपडा घालून ठेवीन. दर्यापूर, अंजनगाव, अकोटकडं कोणाच्या घरी तांब्याचा जुना बंब पडून असेल आणि मोडीत द्यायचा विचार असेल, तर देण्याआधी मला एकदा कळवा.