मुंबई दूरदर्शनची कृष्णधवल दहा वर्षे: एका प्रेक्षकाचा अभिप्राय

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये रंगीत चित्राबरोबर दिल्लीहून येणारा राष्ट्रीय कार्यक्रमही घरोघरी पोहोचला. मधल्या दहा वर्षांत वरळीच्या केंद्राने मराठी प्रेक्षकाला काय दिले, याचा विचार करताना मला आजही सर्वाधिक महत्त्वाची वाटते ती कार्यक्रमांची विविधता. वाहिनी एकच होती आणि प्रसारण संध्याकाळच्या मोजक्या तासांचे होते. तरीही त्या तासांत शेतकरी, कामगार, गृहिणी, शाळकरी मुले, नाट्यरसिक आणि गाण्याचे शौकीन या सगळ्यांची दखल घेतली जात असे.

‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम त्याचे उत्तम उदाहरण म्हणून सांगता येईल. आम्ही गिरगावातल्या चाळीत राहत होतो आणि शेतीशी आमचा संबंध आजीपुरताच उरला होता. शीर्षकसंगीत ऐकू आले की ती हातातली निवडायची भाजी घेऊन थेट पडद्यासमोर येऊन बसे, कपाशीवरच्या किडीची माहिती कान देऊन ऐके आणि मध्येच, “आमच्या वेळी राख मारायचे,” असे पडद्यावरच्या तज्ज्ञालाच सांगे. तिच्या शेजारी बसून पाण्याची पाळी म्हणजे काय आणि घातीवर पेरणी म्हणजे काय, हे मला कळले. नळाच्या पाण्यावर वाढलेल्या मुलाला ते दुसऱ्या कोणी सांगितले नसते.

मुलांसाठीच्या कार्यक्रमांची आखणी तर मला विशेष कौतुकास्पद वाटते. मराठीत ‘किलबिल’, हिंदीत ‘खेल खिलौने’, गुजरातीत ‘संताकुकडी’ आणि इंग्रजीत ‘मॅजिक लॅम्प’ असे चार भाषांतले कार्यक्रम एकाच केंद्रावरून होत असत. मुंबईच्या चाळींमध्ये ज्या भाषा जिन्यावर ऐकू येत, त्याच पडद्यावरही ऐकू येत होत्या. लपंडावाला गुजरातीत संताकुकडी म्हणतात हे आम्हाला तिथेच समजले आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलांशी खेळताना आम्ही तो शब्द सर्रास वापरू लागलो.

मोठ्यांच्या वाट्याला ‘गजरा’ आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हे दोन अगदी वेगळ्या प्रकृतीचे कार्यक्रम येत. ‘गजरा’मध्ये छोट्या नाट्यप्रवेशांची मोकळी करमणूक असे, तर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक-कलावंत सावकाश, न घाबरता, आपल्या कामाविषयी बोलत. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली होती आणि दिलीप प्रभावळकरांचा किडकिडीत चिमणराव नि बाळ कर्वे यांचा दांडगा गुंड्याभाऊ यांनी ती पात्रे अशी काही उभी केली की, त्या कथा पुन्हा वाचायला घेतल्या तेव्हा मला त्या दोघांचेच चेहरे दिसले. गुरुवारच्या ‘छायागीत’ या हिंदी चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही, त्या वेळी आमच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडत असे.

‘ज्ञानदीप’चा उल्लेख मात्र थोडा सविस्तर करायला हवा. निर्माते आकाशानंद यांच्या या कार्यक्रमातून प्रेरणा घेऊन महाराष्ट्रात ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन झाली आणि प्रेक्षक आपापल्या भागात समाजोपयोगी कामे करू लागले. दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम पाहून लोक एकत्र येतात आणि नियमित काम करतात, ही मला त्या काळच्या प्रसारणाची सर्वांत मोठी मिळकत वाटते.

उणिवाही होत्या आणि त्या लहान नव्हत्या. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे यांच्यासारखे वृत्तनिवेदक बातम्या स्वच्छ उच्चारांत वाचत, पण त्या बातम्यांत सरकारची बाजूच अधिक असे आणि आणीबाणीच्या काळात तर दुसरी बाजू ऐकू येण्याची सोयच राहिली नाही. परिसंवादांमध्ये वक्ते खुर्च्यांवर बसून बोलत राहत आणि चित्र या माध्यमाचा त्यात काही उपयोग करून घेतला जात नसे. टेप पुसून पुन्हा वापरण्याच्या पद्धतीमुळे त्या काळातले बरेच काम कायमचे गेले, याचे मला फार वाईट वाटते. जे उरले आहे त्यातले काही सह्याद्री वाहिनीने यूट्यूबवर उपलब्ध करून दिले आहे. तरुण वाचकांनी सुरुवात जुन्या मुलाखतींपासून करावी. प्रश्न विचारून झाल्यावर मुलाखतकार उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतो, एवढे पाहण्यासाठी तरी त्या पाहाव्यात.

पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम ‘साप्ताहिकी’मधून कळत. निवेदिका कार्यक्रम सांगू लागली की माझे वडील जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने वार आणि वेळ टिपून घेत आणि ते पान दाराच्या आतल्या बाजूला चिकटवत. प्रत्येक कार्यक्रमापुढे घरातल्या कोणाचे तरी नाव असे, आणि आजीच्या नावाखाली नेहमी ठळक रेघ मारलेली असे, कारण त्या वेळी कोणी मोठ्याने बोलायचे नाही असा घरात नियम होता.