परतीच्या पावसातलं रेनजॅकेट: साताऱ्याच्या डोंगरांवर किती कामाचं?

हे परीक्षण एका कंपनीच्या मालाचं नाही, एका जातीच्या जॅकेटचं आहे: नायलॉन किंवा पॉलिस्टरचं कापड, आतून पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) लेप, शिवणींवर आतून चिकटवलेली पट्टी, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास आणि लेबलवर ‘५००० मिमी’, म्हणजे कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब झेलतं त्याचं माप. ट्रेकला निघालेल्या बहुतेक सॅकमध्ये हेच सापडतं. श्रावणात याला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. हस्त लागला की मात्र अडीच.

हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतो, चित्रा १० ऑक्टोबरच्या पुढे. या दिवसांत साताऱ्याची हवा एका दिवसात तीन रूपं दाखवते. पहाटे कासच्या पठारावर धुकं आणि दव, दहानंतर चटके देणारं ऊन, आणि दुपारी तीनच्या पुढे गडगडाटासह जोरदार सर. नैऋत्येचा वारा मंदावलेला असतो, ढग विरळ झाल्यामुळे ऊन थेट जमिनीवर पडतं आणि माती अजून ओलीच असते. तिची वाफ दिवसभर वर चढते आणि दुपारी ढग होऊन कोसळते. म्हणजे पाऊस तासभराचा, पण उकाडा दिवसभराचा. हे जॅकेट पावसाला पुरून उरतं, घामापुढे हात टेकतं.

आकडेच बघा. लेबलवर दुसरा आकडा असतो तो वाफ बाहेर सोडण्याचा: एका चौरस मीटरमधून २४ तासांत ५००० ग्रॅम, म्हणजे तासाला साधारण २०८ ग्रॅम. जॅकेटचं कापड दीड चौरस मीटर धरलं तर तीनशे ग्रॅमच्या आसपास. जरंडेश्वरच्या पायऱ्या किंवा अजिंक्यताऱ्याचा चढ सॅक घेऊन चढताना अंगाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. शिवाय तो आकडा प्रयोगशाळेतला. बाहेरची हवाच दमट असेल तर वाफ बाहेर जायला ओढ राहत नाही, आणि पाठीवर सॅक टेकलेली असते तिथला मार्ग तर बंदच. मग आतला टी-शर्ट पिळून निघतो आणि लोक म्हणतात, ‘जॅकेट गळतंय’. बहुतेक वेळा ते गळत नसतं.

खरोखर गळतं तेव्हा सुरुवात खांद्यावर होते. पट्टा कापडावर दाब देतो, आणि २००० मिमीवालं स्वस्त कापड त्या दाबाखाली पाणी आत सोडतं. दुसरं कारण वरच्या थराचं. नव्या कापडावर पाण्याचे थेंब गोळा होऊन ओघळतात, वर्षभराच्या मातीने आणि तेलकटपणाने ते पसरायला लागतात. वरचं कापड भिजलं की वाफ बाहेर पडणं जवळजवळ थांबतं. यावर उपाय सोपा आहे: कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, फॅब्रिक कंडिशनर बिलकूल नको, दोनदा खळबळा. सावलीत पूर्ण वाळल्यावर, लेबल परवानगी देत असेल तर, वरून सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा. तरीही थेंब ओघळत नसतील तर पाणीरोधक फवारा मारावा लागतो.

दुकानात घेताना जॅकेट उलटं करून प्रत्येक शिवण बघा, विशेषतः काखेतली आणि टोपीची. काखेत चेन असेल तर दोनशे-तीनशे रुपये जास्त द्या, आकड्यांपेक्षा तीच जास्त उपयोगी. टोपीला पुढे ताठ छज्जा हवा, नाहीतर पाणी थेट चष्म्यावर. मुख्य चेनवर झाकणपट्टी हवी.

मग ऑक्टोबरात घालायचं काय? चढताना काहीच नको, लवकर वाळणारा टी-शर्ट पुरे. सॅकमध्ये लेप नसलेलं, शंभर-दीडशे ग्रॅमचं पातळ विंडचीटर ठेवा. यवतेश्वरच्या घाटासारख्या रस्त्यावर साधी घडीची छत्री या जॅकेटपेक्षा सरस, कारण तिच्याखाली हवा खेळते. ढग गडगडायला लागले की मात्र छत्री मिटायची आणि उघड्या माथ्यावरून, मनोऱ्यांपासून आणि एकट्या झाडापासून दूर खाली सरकायचं. दुपारी दोनच्या आत उतरणीला लागलात तर ही वेळ सहसा येत नाही.

रेनजॅकेट थांबलेल्या माणसाचं आहे. सातारा शहर ७४० मीटरच्या आसपास आणि कास १२०० मीटरच्या, म्हणजे पठारावर तीनेक अंशांनी कमीच. त्यात पहाटेचा वारा. फुलं बघत उभं राहायचं असेल, बामणोलीहून सकाळी लाँचने वासोट्याकडे निघायचं असेल, किंवा कोजागरीला सज्जनगडावर बसायचं असेल, तर ते अंगावर हवंच. दवाने गुडघ्यापर्यंत भिजणाऱ्या पँटचं दुखणं मात्र ते सोडवत नाही. त्यासाठी पातळ नायलॉनची पँट आणि मोज्यांची जादा जोडी लागते.

एक गुण मात्र जाहिरातीत कुणी लिहीत नाही. गवत पिवळं पडायला लागलं की कुसळं होतात. लोकरी स्वेटर, फ्लीस, विणलेले मोजे यांत ती अशी घुसतात की एकेक उपटत बसावं लागतं. गुळगुळीत नायलॉनवर ती टिकत नाहीत, हाताने झटकली की गेली. चंदन-वंदनसारख्या गवताळ डोंगरांवर या एका कारणासाठी ते कमरेला बांधलं तरी चालेल. करवंदीच्या काट्यांपासून मात्र जपा.

स्वाती सरली की ते धुऊन, पूर्ण वाळवून, हँगरवर मोकळं टांगा. ओलसर घडी करून ट्रंकेत कोंबलं तर दमटपणाने पीयूचा लेप हळूहळू विघटित होतो. पुढच्या मृगाला उघडाल तेव्हा आतून चिकट लागेल, पापुद्रे सुटतील. त्यावर कुठलाच फवारा चालत नाही, नवंच घ्यावं लागतं.