'विंटर इन अमेरिका': सुरुवात दुसऱ्या बाजूने करा

मी मेरीलँडमध्ये सिल्व्हर स्प्रिंगला राहते. अमेरिकन कवी-गायक गिल स्कॉट-हेरन आणि वादक ब्रायन जॅक्सन यांचा १९७४ चा हा अल्बम आमच्याच गावातल्या एका छोट्या स्टुडिओत मुद्रित झाला, हे मला फार उशिरा कळलं. जागा इतकी अपुरी, की गिल आत गायचा आणि ब्रायन बाहेर पॅसेजमध्ये, पाण्याच्या कूलरशेजारी उभा राहून बासरी वाजवायचा. ती बासरी ऐकायची तर तबकडीची दुसरी बाजू आधी लावा. पहिलंच गाणं, 'द बॉटल'.

ठेका असा, की पाय थांबत नाहीत. शब्द मात्र वेगळेच. बाप बाटलीत बुडालाय म्हणून घाबराघुबरा पळणारा पोरगा, एके काळी देखणी असलेली बाई, चुरगळलेल्या सुटातला डॉक्टर. गिल कुणालाही हिणवत नाही. दारूच्या आधी ती माणसं कोण होती, ते सांगतो. मुंबईतल्या लालबागचा माझा मामा गिरणी संपानंतर गुत्त्यावर दिसू लागला आणि घरात त्याचं नावच 'बेवडा' पडलं. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, त्याचा हात किती चांगला होता, हे आम्हा पोरांना कुणी सांगितलंच नाही. हे गाणं शब्दांकडे लक्ष देऊन ऐकलं त्या रात्री मी आईला फोन लावला आणि मामाच्या गिरणीबद्दल विचारलं. ती तासभर बोलली.

बाकी अल्बम संथ आहे. बहुतेक जागी फक्त ब्रायनचा इलेक्ट्रिक पियानो आणि गिलचा खर्जातला आवाज. बास आणि ड्रम मोजक्याच गाण्यांत. 'रिव्हर्स ऑफ माय फादर्स' आठेक मिनिटं चालतं आणि एकही क्षण जास्तीचा वाटत नाही. थकलेला माणूस नदीला म्हणतो, मला घरी ने. 'युअर डॅडी लव्ह्ज यू' लहानसं आहे, पण झोपलेल्या लेकीशी बाप बोलतो तेव्हा मला घरातले दिवे मालवावेसे वाटतात.

'एच टू ओ गेट ब्लूज' (एच टू ओ म्हणजे पाणी, 'वॉटर') हे वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यावरचं, गाण्याऐवजी बोलून केलेलं निवेदन. त्यात अडकलेले राष्ट्राध्यक्ष निक्सन तेव्हा अजून पदावर होते, त्यामुळे त्यात धाडस आहेच. पण नावांची इतकी गर्दी आहे, की तो काळ ठाऊक नसलेल्याला ते जड जाईल. ते शेवटी ऐका.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: 'विंटर इन अमेरिका' नावाचं गाणं मूळ तबकडीवर नाहीच. ते १९७५ च्या 'द फर्स्ट मिनिट ऑफ अ न्यू डे'वर आहे. मी दोन्ही बाजू उलटसुलट करून ते शोधत बसले होते. मूळ प्रत वादकांनीच चालवलेल्या स्ट्राटा-ईस्ट या रेकॉर्ड कंपनीची. ती महाग पडते. माझ्याकडे नंतरची आवृत्ती आहे, आणि तिच्यातही पॅसेजमधली ती बासरी स्वच्छ ऐकू येते.