हाताने पॉलिश केलेली अ‍ॅलॉय चाकं : दहा महिन्यांनंतर

चाकांवरचं लॅकर, म्हणजे धातू झाकणारा पारदर्शक थर, सुटायला लागलं तेव्हा आधी एका वर्कशॉपमध्ये गेलो. चाकं बदला, नाहीतर लेथवर (चाक फिरवत वरचा पृष्ठभाग कापणाऱ्या यंत्रावर) पुन्हा कट मारून घ्या, असं सांगण्यात आलं. लेथवर दर वेळी धातूचा थर जातो आणि म्हणून एका चाकावर हे काम मोजक्याच वेळा करता येतं, हे मी खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. घरी हाताने पॉलिश करू का म्हटलं तर उत्तर मिळालं, "हाताने होत नाही." त्या उत्तराचा राग आला आणि चांगल्या चाकांवर पैसे उधळायचे नव्हते, म्हणून हे काम अंगावर घेतलं. हाताने होतं. चारही चाकं झाली आणि दहा महिने रस्त्यावर आहेत.

पेपरचे नंबर आणि पेस्टचा क्रम सगळ्यांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. पेंट रिमूव्हरने लॅकर काढलं, मग ३२०, ४००, ६००, १०००, १५००, २००० असा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर; नंबर मोठा तितका बारीक) ओला ठेवून मारला आणि शेवटी मेटल पॉलिशची पेस्ट. लॅकर पूर्ण निघालं का, याची परीक्षा सोपी आहे. थोडी पेस्ट लावून घासायचं. फडकं काळं झालं तर खाली उघडा धातू आहे. काळं झालं नाही तर लॅकर अजून शिल्लक आहे आणि पुढची मेहनत त्या लॅकरवरच वाया जाणार.

त्या काळ्यावरून माझा मोठा गैरसमज झाला होता. मळ निघतोय असं समजून पहिल्या चाकावर फडकं पांढरं राहण्याची वाट बघत कितीतरी वेळ घासत बसलो. ते कधीच पांढरं राहत नाही. काळं येतं ते घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमचं, मळाचं नव्हे. लख्ख चाकावरही येणारच. थांबायचं ते चमक बघून. पेस्ट वाळायच्या आत कोऱ्या मायक्रोफायबरने पुसायची, तिरक्या उजेडात बघायचं, चरे दिसत नसतील तर झालं.

आता मुख्य गोष्ट : नटांचे खड्डे. एका चाकाला पाच, म्हणजे एकूण वीस. स्पोक, कडा, मधला भाग हे सगळं मिळून जेवढा वेळ गेला, जवळजवळ तेवढाच या वीस खड्ड्यांनी खाल्ला. तिथे तळहात पोचत नाही, ठोकळा बसत नाही. बोटाला पेपर गुंडाळला तर दाब फक्त बोटाच्या टोकावर येतो आणि भिंतीवर उभ्या चऱ्या पडतात. दोन खड्ड्यांतच नखाजवळची कातडी सोलवटली. शेवटी खड्ड्यापेक्षा थोडी बारीक लाकडी दांडी घेतली, तिच्यावर रबराची पट्टी चिकटवली, वर पेपर गुंडाळला आणि रवी फिरवतात तशी दोन्ही तळव्यांत फिरवली. तेव्हा कुठे भिंती एकसारख्या झाल्या.

आणि यातली महत्त्वाची खबरदारी : खड्ड्याच्या तळाशी नट टेकतो ती निमुळती बैठक घासायची नाही. नट त्याच पृष्ठभागावर आवळला जातो. तिथे पेपर नको, पेस्ट नको, मेण नको. मी कापडाचा बोळा दाबून बसवत होतो आणि काम झाल्यावर काढत होतो. चाक हबला टेकतं त्या मागच्या बाजूलाही हाच नियम. परत बसवताना नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळले आणि थोडं चालवून पुन्हा तपासले.

पहिले दोन महिने मी फारच खुश होतो. पण उघडं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू धुरकट होतं, आणि धुतल्यावर थेंब तसेच वाळू दिले तर डाग पडतात. तेव्हा वाटलं, चारही चाकांवर स्प्रेचं क्लिअर लॅकर मारून मोकळं व्हावं. सुदैवाने आधी एकाच चाकावर मारून पाहिलं. चौथ्या महिन्यात त्याच्या कडेला खडी लागून टिकली उडाली आणि तिथून लॅकरच्या खाली अळीने पान कुरतडावं तशा नागमोडी पांढऱ्या रेषा सरकायला लागल्या. आरशासारख्या गुळगुळीत धातूला लॅकरची पकडच नीट बसत नाही, आणि भेगेतून आत गेलेलं पाणी वरून पुसता येत नाही. पुन्हा रिमूव्हर, पुन्हा ६०० पासून, आणि पुन्हा तेच पाच खड्डे. आता चारही चाकं उघडी आहेत, वर फक्त सीलंट, म्हणजे पुसून लावायचा पातळ संरक्षक थर. महिन्यातून एकदा दर चाकाला दहाएक मिनिटं पेस्ट फिरवतो आणि तेवढं पुरतं. मात्र समुद्राची खारी हवा असेल किंवा बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकत असतील, तिथे उघडी चाकं ठेवा असं मी सांगणार नाही. मिठाने धातू फार लवकर पांढरा पडतो.

एक नुकसान माझ्याच हाताने झालं. ब्रेकची काळी धूळ झटपट निघावी म्हणून एका चाकावर आम्ल असलेला व्हील क्लीनर मारला. लॅकर असलेल्या चाकावर तो खपून गेला असता. उघड्या धातूवर मिनिटभरात ढगासारखा पांढरट डाग उमटला. १५०० पासून सगळं परत करावं लागलं. आता साधा कार शाम्पू, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं पुसणं, एवढंच. स्टील वूलही वापरू नका. त्याचे लोखंडी कण धातूत रुतून बसतात आणि मग गंजतात.

पेस्टबद्दल तक्रार नाही. बोटाच्या पेरावर मावेल एवढी एका स्पोकला भरपूर होते. जास्त लावली की कोपऱ्यात वाळून पांढरी बसते आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने काढावी लागते. एक ट्यूब अजून संपलेली नाही.

खरा कस ३२० ने लागतो. त्याची एक जरी चरी ४०० ला शिल्लक राहिली तर २००० नंतर ती आणखी ठळक दिसते, कारण आजूबाजूचं सगळं चमकत असतं. म्हणून मी प्रत्येक नंबर आधीच्या नंबरच्या आडवा मारला. जुनी चरी लगेच ओळखू येते. मागच्या उजव्या चाकाच्या एका खड्ड्यात तशी एक चरी राहिलीच आहे. नट बसल्यावर ती कोणाला दिसत नाही, मला दिसते. टायर बदलताना चाक उतरेल तेव्हा दांडी आणि ४०० चा पेपर घेऊन तो खड्डा पहिल्यापासून करणार आहे.